गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

एमजी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सवर मराठीत पुस्तक, तेही चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांसाठी लिहिणे काहींना नसती हौस वाटेल. ती इथे दिसणार कुठे? पण तिची सख्खी नातलग इथल्या सरकारी कचेऱ्यांसमोर वर्षानुवर्षे उभी असायची. ॲम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे १४८९ सीसीचे इंजिन आणि १९५५ साली आलेल्या एमजी-एचे इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातले. गिअरबॉक्सची घडणही त्याच वळणाची: पुढचे गिअर चार, आणि पहिल्याला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणारी रचना) नाही. ज्या मिस्त्रीने आलापल्ली-सिरोंचाच्या रस्त्यावर चाललेली ॲम्बेसेडर खोलली, त्याला एमजी-ए परकी वाटू नये.

नव्या वाचकांनी पान्याआधी कान वापरावा. चौथ्या गिअरमध्ये ताकद मेन शाफ्टमधून थेट मागे जाते, शेजारच्या समांतर ले शाफ्टवर भार येत नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांतता असेल, तर संशय आधी ले शाफ्टवर आणि त्याच्या नीडल बेअरिंगवर घ्या. गिअर टाकताना करकर झाली तर सिंक्रोच्या पितळी रिंगा पाहा. टाकलेला गिअर आपोआप निसटत असेल, तर बॉल-स्प्रिंग, हब आणि फोर्क तपासा. इतके निदान पेटी न उघडता होते, आणि माझ्या मते अर्धी दुरुस्ती तीच.

पहिल्या गिअरकडे विशेष लक्ष द्या. त्याचे दाते सरळ कापलेले असतात आणि गिअर सरकून जुळतो. चिखलात अडकण्याच्या भीतीने गाडी चालती असतानाच पहिला टाकला, की दात्यांच्या कडा उडतात. डबल क्लच मारणारे जुने ड्रायव्हर हे जाणत. आजच्या हौशी मालकाला ते शिकावे लागते.

ले शाफ्ट काढताना नीडल विखुरतात. त्यासाठी थोडा आखूड खोटा शाफ्ट लेथवर कातून घ्यावा. गावातला कोणताही चांगला टर्नर तो करून देईल. ॲम्बेसेडरचे सुटे भाग एमजीत जसेच्या तसे बसतील असे मात्र धरू नका: दाते मोजा, शाफ्टची जाडी मोजा, मगच मागवा. आणि इसुझू इंजिनाच्या ॲम्बेसेडरची पाच गिअरची पेटी वेगळीच, तिचा इथे विचार नाही.

आपल्या ओळखीच्या गॅरेजात जुन्या ॲम्बेसेडरची पेटी धूळ खात पडली असेल, तर भंगारात जाण्यापूर्वी ती मागून घ्या आणि हे पुस्तक शेजारी ठेवून उघडा.