लांकडी ओट्याचें औषध

अमेरिकेंतील पुष्कळशा घरांच्या मागील दारास लागून एक उघडा लांकडी ओटा असतो. त्यास तिकडे डेक म्हणतात. गलबताच्या तुतकासही इंग्रजींत हाच शब्द आहे, आणि दोहोंतील साम्य केवळ शब्दापुरतें नाहीं. दोन्ही उघड्या आकाशाखालीं फळ्या जोडून केलेलीं, आणि पाणी हा दोहोंचाही शत्रु. न्यू जर्सीसारख्या भागांत जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांनाही असे ओटे आहेत. परंतु या ओट्यांच्या फळ्यांत कित्येक वर्षें जें औषध मुरविलेलें असे तें डेहराडूनला शोधलें गेलें होतें, ही गोष्ट तेथें बसून सायंकाळचा चहा घेणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

लांकूड आपोआप कुजत नाहीं. बुरशी त्यास खाते. मात्र त्यासाठीं तिला ओलावा लागतो, आणि लांकडांतील पाण्याचें प्रमाण शेंकडा २० च्या खालीं राहिलें तर तिला तेथें संसार थाटतां येत नाहीं. पुण्याच्या वाड्यांतील सुतारांनीं हें शास्त्र पुस्तकांत वाचलें नव्हतें, तरी सागवानी खांब ते दगडी तळखड्यावर उभा करीत, म्हणजे जमिनीची ओल त्यास चढत नसे. वर कौलांचें छप्पर असे, आणि सागाच्या गाभ्यांत त्याचें स्वतःचें तेल असे. अमेरिकेंतील ओट्यास यांपैकीं कांहींच लाभलें नाहीं. छप्पर नाहीं, आणि लांकूड बहुधा स्वस्त अशा पाइनचें, ज्यावर बुरशी व वाळवी दोघीही तुटून पडतात.

तेव्हां औषध हवें होतें. इ. स. १८३८ मध्यें जॉन बेथेल या इंग्रजानें दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारें क्रिओसोट तेल बंद नळकांड्यांत दाबानें लांकडांत भरण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. रेल्वेच्या स्लीपरांस तें उत्तम मानवलें. परंतु काळ्या, चिकट, उग्र वासाच्या फळीवर आपल्या मुलाबाळांस कोण बसवील? मोरचूदही बुरशी मारतो हें माहीत होतें. पण तो पाण्यांत विरघळणारा, म्हणून पावसाबरोबर वाहून जाई. औषध लांकडांत शिरावें, पण पुन्हां बाहेर पडूं नये, हा खरा पेंच होता.

तो डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोडविला गेला. १९०६ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत सोंती कामेशम् हे काम करीत असत. त्यांनीं १९३३ सालीं मोरचूद, सोमलाच्या जातीचें एक द्रव्य आणि क्रोमियमचा क्षार यांचें पाण्यांतील मिश्रण सिद्ध केलें. तांब्यानें बुरशीचा समाचार घ्यावा. सोमलानें किड्यांचा, आणि तांब्यास न जुमानणाऱ्या बुरशीचाही. क्रोमियमचें काम निराळें. लांकडांत शिरल्यावर त्याची रासायनिक क्रिया होऊन तें इतर दोघांस तंतूंशीं बांधून टाकतें, मग पाऊस त्यांस सहसा हलवूं शकत नाहीं. ‘ॲस्क्यू’ असें त्याचें नांव पडलें. रसायनशास्त्रांतील सोमलाची आणि तांब्याची खूण जोडून तें बनलें आहे. १९३८ सालीं अमेरिकेंत त्याचें पेटंट मिळालें. आधीं दूरध्वनीच्या खांबांस, आणि १९७० नंतरच्या काळांत घरोघरच्या ओट्यांस तें लावलें जाऊं लागलें. हिरवट झांक असलेली ती फळी वर्षानुवर्षें कुजत नसे.

आणि येथेंच घरमालकांची फसगत झाली. लांकूड औषध प्यालें म्हणजे त्याची निगा राखावयास नको, अशी अनेकांची समजूत झाली. बुरशी आणि किडा यांपासून तें सुरक्षित होतें, हें खरें. पण ऊन तर पृष्ठभागाचे तंतू सुटे करीतच राहतें, आणि भिजून फुगणें व वाळून आंखडणें यांनीं फळीस चिरा पडतात. कांहीं वर्षांनीं हिरवी झांक जाऊन फळी करडी पडते, आणि मग ती साध्या लांकडाहून ओळखूं येत नाहीं.

याचा परिणाम कोठवर जाऊं शकतो हें विस्कॉन्सिन राज्यांतील एका ग्रामीण कुटुंबाच्या हकीकतीवरून दिसतें. १९८४ सालीं ती वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. हीं माणसें दर हिंवाळ्यांत आजारी पडत, केंस गळून जात, आणि उन्हाळा आला कीं पुन्हां बरें वाटे. शेवटीं उलगडा झाला तो त्यांच्या शेगडीपाशीं. औषध भरलेल्या लांकडाचे तुकडे तीं सरपण म्हणून जाळीत होतीं. लांकूड जळतें, सोमल नष्ट होत नाहीं. तो धुरांत आणि राखेंत उतरतो.

पुढें शंका निघाली ती लहान मुलांविषयीं. फळीच्या पृष्ठभागावरील सोमलाचा अंश हातास लागतो आणि मुलांचे हात तोंडांत जातात. २००२ सालीं अमेरिकन सरकारचें पर्यावरण खातें व कारखानदार यांच्यांत समझोता झाला, आणि २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामास हें औषध देणें बहुतांशीं थांबलें. परंतु उभे असलेले ओटे मोडा, असें त्या खात्यानें सांगितलें नाहीं. एक-दोन वर्षांनीं लांकडांत मुरणारा तेलाचा लेप द्यावा, असा त्याचा सल्ला होता. पश्चिम किनाऱ्यावरील नाखवे होडीस माशाचें तेल पाजीत आले, त्याच जातीचा हा उपाय. प्रयोगशाळेंतून निघालेली गोष्ट फिरून तेलाच्या भांड्यापाशीं आली, हा योग मोठा गमतीचा खरा.

लेप देण्याची रीत सोपी आहे. कोरड्या हवेचे दिवस पाहून ओटा साबणाच्या पाण्यानें व मऊ ब्रशानें धुवावा; तारेचा ब्रश किंवा रंग उडविणारें तिखट द्रव्य वापरूं नये. जुन्या फळ्या कांचकागदानें घासूं नयेत, कारण ती धूळ विषारी असते. फटींत अडकलेला पालापाचोळा काढावा, कारण ओल तेथेंच दबा धरून बसते. लांकूड पुरतें वाळल्यावर तेल लावावें. जाड रंगाचा थर दिसावयास चांगला, पण त्याचे पोपडे निघतात, आणि पुन्हां घासण्याची वेळ येते.

अलीकडील फळ्यांत सोमल नाहीं. तांबें मात्र अधिक आहे. त्यांत साधा लोखंडी खिळा लवकर गंजतो, म्हणून त्यांस जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे खिळे व स्क्रू मारावे लागतात.