लागलेले धन

कष्टाचा पैसा आम्ही मराठी माणसे ‘कमावतो’. विनासायास आलेला मात्र ‘लागतो’. घबाड हाती लागते, लॉटरी लागते, आकडा लागतो. ‘मी कमावले’ यात माणूस कर्ता असतो. ‘मला लागले’ यात तो केवळ भाग्यवान ठरतो. अशा धनाची मोहिनी याच भावनेत आहे.

‘मटका’ या शब्दाला जुगाराचा अर्थ मुंबईत लाभला. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर तेथे पैजा लागत. १९६०च्या दशकाच्या आरंभी तो मार्ग खुंटला, तेव्हा मडक्यातून चिठ्ठी काढून आकडा ठरू लागला. पुढे मडक्याची जागा पत्त्यांनी घेतली. नाव तेच राहिले. १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाचीही लॉटरी निघाली. एक गुन्हा ठरला, दुसरी महसूल. क्रियापद मात्र दोहोंना एकच.

सीमाभागात वकिली करताना आम्ही पाहतो की आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा चिठ्ठी लिहिणारा गरीबच उभा असतो. त्याच्याच भाषेने त्याला आधी सावध केले होते: आकडा क्वचित लागतो, चटक हमखास लागते, आणि घराला उतरती कळाही लागते.