सातबाऱ्यात न मावलेला पक्षी

पुणे-सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णीच्या आसपास आज नजर जाईल तिथे ऊस दिसतो. हाच माढा तालुका एकेकाळी माळढोक अभयारण्याच्या नकाशावर होता, हे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही.

१९७९ साली सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातली बहुतेक जमीन खासगी होती; नांगरती शेते, गावे, बाजारपेठा, सारेच त्यात आले. १९८० च्या सुमारास टेंभुर्णीजवळ भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. एका कागदाने माळ माळच राहावा असे म्हटले. दुसऱ्या योजनेने त्याच्या उंबऱ्याशी पाणी आणले.

या इतिहासात आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो देखरेखीचा प्रश्न. खासगी जमिनीवरील बदल टिपणारी यंत्रणा आपल्याकडे होतीच. तलाठ्याने पीकपाहणी करावी आणि गाव नमुना बारामध्ये पीक व पड लिहावी, हा जुना शिरस्ता. माळाचा ऊस कसा झाला याची बखर लिहिण्याची सोय सरकारदप्तरीच होती. पण ती महसुलासाठी. उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्यासाठी ती वाचणे हे कुणाचेच काम नव्हते.

अमेरिकेत जमीनमालक करार करून जमिनीचे काही हक्क कायमचे सोडतो, आणि करार सांभाळणारी संस्था बहुधा दरवर्षी येऊन जमीन मूळ नोंदीशी ताडून पाहते. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. माळढोकाच्या नावे तर सातबाराच नाही! २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आली. तिथे मालक वा समाज स्वेच्छेने पुढे येतो. मग व्यवस्थापन समितीचा ठराव व शासनाची मान्यता यांवाचून जमिनीचा वापर बदलता येत नाही. मात्र अभयारण्यात आधीच गेलेल्या जमिनीला ही वाट बंद होती.

२०१२ च्या सुमारास अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. शेतकऱ्यांना वाटलेला दिलासा आम्ही समजू शकतो. मूळ घोषणेला त्यांची संमती लागलीच नव्हती. ती आधी मागितली असती, आणि पीकपाहणीच्या वहीत गवतालाही एक रकाना मिळाला असता, तर काही माळ तरी राखले गेले असते असे आम्हांस वाटते. आज सोलापूर जिल्ह्यात माळढोक दिसला, तर त्याची बातमी होते.