गाडीचं इंजिन ऑईल गरम असताना बदलावं की थंड? भोर-वेल्ह्यातल्या गाडीवाल्यांसाठी सोपी माहिती

भोर/वेल्हे : भातकाढणी उरकली की भोर-वेल्ह्यात गाड्यांच्या कामाला हात लागतो. वाड्या-वस्त्यांपासून नसरापूर, कापूरहोळ किंवा भोरचं गॅरेज लांब पडतं, म्हणून अनेकजण कारचं, पिकअपचं ऑईल दारातच बदलतात. मग पारावर वाद ठरलेला. कुणी म्हणतं गरम गाडीचं काढा, कुणी म्हणतं रात्रभर गार होऊ द्या. खरं काय?

थोडक्यात उत्तर

ऑईल कोमट असताना बदलणं सगळ्यात चांगलं. इंजिन पाच-सात मिनिटं चालवायचं, बंद करायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग नट खोलायचा.

कोमटच का?

काकवी थंडीत घट्ट होते आणि चुलीवर ठेवली की पातळ होऊन धार लागते. ऑईलचं तसंच आहे. कोमट ऑईल लवकर आणि जास्त निघतं. शिवाय इंजिन नुकतंच फिरलेलं असल्यामुळे काजळी आणि बारीक कचरा ऑईलमध्ये मिसळलेला असतो, तो त्याच्याबरोबर बाहेर येतो.

एकदम गरम असेल तर?

वेल्ह्याहून नसरापूरला किंवा पाबे घाट चढून आलेल्या गाडीचं ऑईल साधारण ९० ते ११० अंशांपर्यंत तापलेलं असतं, म्हणजे जवळजवळ उकळत्या पाण्याइतकं. नट सुटला की धार थेट हातावर येते, आणि ऑईल चिकट असल्यामुळे पटकन झटकताही येत नाही. सायलेन्सरचा पाइपही तापलेला असतो. त्यामुळे अशी गाडी आली की अर्धा-पाऊण तास थांबायचं. निवांत चहा घ्यायचा.

थंड काढलं तर बिघडतं का?

नाही. रात्रभर उभ्या गाडीत वरचं ऑईल चेंबरमध्ये उतरलेलं असतं, हा एक फायदाच. फक्त निथळायला जास्त वेळ द्यावा लागतो. डिसेंबरच्या पहाटे जुन्या डिझेल गाडीचं घट्ट ऑईल काढताना घाई केली, तर घाण आतच राहते. नव्या गाड्यांत ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशी पातळ ऑईल असतात. ती थंडीतही बऱ्यापैकी वाहतात.

घरी बदलताना

१. गाडी सपाट जागेवर लावा. उतारावर ऑईल एका कोपऱ्यात अडकतं. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

२. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. खाली मजबूत स्टँड हवाच. जॅक सरकला तर जीव जातो.

३. ऑईल भरायचं झाकण उघडा, मग चेंबरचा नट खोला. धारेची थेंब-थेंब होईपर्यंत थांबा.

४. फिल्टर बदला. नव्या फिल्टरच्या रबर रिंगला बोटभर नवं ऑईल लावा. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते बघा.

५. नटाचा वायसर नवा टाका. नट जोर लावून आवळू नका, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात.

६. किती आणि कोणत्या ग्रेडचं ऑईल, हे गाडीच्या पुस्तकात बघूनच भरा. आधी थोडं कमी भरा, गाडी दोन मिनिटं चालू करा, गळती बघा. बंद करून काही मिनिटांनी पट्टी तपासा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त भरणंही इंजिनला घातकच.

धुण्यासाठी इंजिनमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतायची सवय काहींना आहे. ती सोडा. त्यातलं थोडं आतच राहतं आणि नवं ऑईल पातळ करतं.

हेही लक्षात ठेवा

डिझेल गाडीचं नवं ऑईल थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पट्टीवर ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे आवर्जून बघा. असं दिसलं तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑईल बदला.

काळं ऑईल ओढ्यात नको

भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी या धरणांत आपल्याच ओढ्या-नाल्यांचं पाणी जातं. वापरलेलं ऑईल कायद्यानेही घातक कचरा आहे. ते जमिनीत ओतू नका, चुलीत जाळू नका. जनावरांच्या खरजेवर लावायची जुनी पद्धतही बंद करा. जनावर अंग चाटतं आणि विष पोटात जातं. जुनं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि ते जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. हाताला लागलेलं ऑईल साबणाने लगेच धुवा.