नाममुद्रा ते टॅग : वऱ्हाडातल्या गाण्यांच्या नावांचा प्रवास

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझ्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. तीत गाण्यांच्या सुमारे दोन हजार फायली होत्या. निम्म्याहून अधिक गाणी वडिलांनी अकोल्यात जमवलेल्या कॅसेटींवरून मी अमरावतीला आल्यावर संगणकात उतरवलेली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. शहरातल्या एका दुकानदाराने आठवडाभर खटपट करून बहुतेक सगळ्या फायली परत मिळवून दिल्या. घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला आणि पाहतो तर एकाही गाण्याला नाव नाही. फाइल ०००१, फाइल ०००२, अशी नुसती रांग.

असे का झाले ते नंतर समजले. फायलीचे नाव फायलीत नसते, ते डिस्कच्या नोंदवहीत असते. नोंदवही नष्ट झाली की दुरुस्तीचे सॉफ्टवेअर डिस्क धुंडाळते, ‘इथे एक गाणे सुरू होते’ एवढे ओळखते आणि ते बाहेर काढते. ग्रंथालय जळताना पुस्तके वाचावीत, पण मुखपृष्ठे आणि नोंदवही जळून जावी, तसा प्रकार.

त्या दोन हजार गाण्यांना पुन्हा नावे देण्याचे काम मी पुढची तीन वर्षे करत होतो. हा लेख त्या कामातून निघाला. आवाज साठवण्याची साधने शंभर वर्षांत अनेकदा बदलली. प्रत्येक साधनात गाणाऱ्याचे, रचणाऱ्याचे नाव कुठे ठेवले गेले आणि ते कुठे गळाले, एवढाच त्याचा विषय आहे.

तबकडी आणि कॅसेट

भारतातले व्यापारी ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तीन मिनिटांचे गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारते. याला अनेकांनी तिचा तोरा म्हटले आहे. पण त्यामागे कामाची सोय होती. मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथे तबकड्या निघायच्या. तिथल्या कारागिरांना आपली भाषा कळत नव्हती. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा, हे त्यांना तबकडीनेच सांगायचे होते. नाव आवाजातच ठेवण्याची ही युक्ती पुढे तबकडीवरच्या छापील कागदामुळे अनावश्यक ठरली.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे तिचा सुकाळ झाला तो ऐंशीच्या दशकात. त्या काळी अकोल्यात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली, की दुकानदार तबकड्यांवरून ती गाणी भरून देई. खोक्यातल्या कार्डावर बॉलपेनने नावे लिहिलेली असत. वडिलांच्या कॅसेटींवर गाण्याचा पहिला शब्द आणि गायकाचे आडनाव एवढेच आहे. कवीला तिथे जागाच नव्हती. दुसरे संकट असे की कॅसेट आणि खोके वेगळे होऊ शकतात. आमच्या घरी ते सर्रास होत. एका खोक्यात दुसरीच कॅसेट निघे.

कायद्याने या काळात नावाकडे लक्ष दिले, पण वेगळ्या कारणाने. नकली कॅसेटींचा धंदा वाढल्याने १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२-अ आले. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. म्हणजे माल कोणाचा हे सांगणे सक्तीचे झाले. गाणे कोणाचे हे सांगण्याची सक्ती त्या कलमात नाही. आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ मध्ये आहे खरा, पण तो बजावण्यासाठी कवीला आधी कळावे लागते, की आपले गाणे कुठे वाजते आहे.

एकशे अठ्ठावीस बाइटांची चिठ्ठी

मूळच्या ऑडिओ सीडीत, म्हणजे १९८० च्या मानकात, गाण्यांच्या नावांसाठी सोयच नव्हती. सीडी संगणकात घातली की सॉफ्टवेअर गाण्यांच्या लांबीवरून ती ओळखण्याचा प्रयत्न करी. त्यासाठी लोकांनी हौसेने भरलेली एक जागतिक यादी होती. इंग्रजी गाण्यांच्या सीडी तिच्यात चटकन सापडत. माझ्याकडच्या वऱ्हाडी भजनांच्या सीडी तिच्यात कधीच सापडल्या नाहीत. पडद्यावर येई ते ‘अज्ञात कलावंत, ट्रॅक ०७’.

एमपी-थ्री हे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनाचे फळ. फायलीच्या नावापुढचे ते तीन अक्षरी शेपूट जुलै १९९५ मध्ये ठरले. सीडीवरचे गाणे या पद्धतीने साधारण अकरा पटींनी लहान होते. मिनिटाला एक एमबी, असा आमचा ठोकताळा होता. एका सीडीत दीडशे गाणी मावू लागली. पण या फायलीतही नावाला जागा नव्हती. ती १९९६ मध्ये एरिक केम्पने करून दिली. फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडायची, तिला टॅग म्हणायचे. तीन बाइट ओळखीचे, तीस गाण्याच्या नावाला, तीस कलावंताला, तीस अल्बमला, चार वर्षाला, तीस शेऱ्याला आणि एक प्रकाराला. कवी आणि संगीतकार यांना स्वतंत्र रकाना नाही. प्रकारांच्या पहिल्या यादीत ऐंशी नावे होती. तीत पोल्का आहे, गॉस्पेल आहे, पण ‘लोकसंगीत’ हा साधा शब्दही त्या ऐंशीत नाही. तो नंतर आला.

आणि मराठीचे काय? युनिकोडच्या आज रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. ‘तुकडोजी महाराज’ लिहायला चाळीस बाइट लागतात. तीसच्या रकान्यात ‘तुकडोजी मह’ एवढेच मावते आणि पुढे एक तुटके चिन्ह उरते. ‘वामनदादा कर्डक’ यांचीही तीच गत. टॅगची सुधारित आवृत्ती १९९८ मध्ये आली. तीत रकान्याची लांबी मोकळी झाली, युनिकोड आले, गीतकार आणि संगीतकार यांनाही रकाने मिळाले. पण तोवर सवय लागून गेली होती. रकाना असला तरी तो भरणार कोण?

राजकमल चौकातले मेमरी कार्ड

ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला. हजार गाणी खिशात, ही त्याची जाहिरात. माझा एक भाचा परदेशातून तो घेऊन आला, तेव्हा आम्ही त्यात माझी भजने भरली. पुढे ती परत संगणकात घ्यायला गेलो, तर एका लपवलेल्या कप्प्यात चार-चार अक्षरांच्या अर्थहीन नावांच्या फायली दिसल्या. आयपॉड फायलींची नावे बदलून टाकतो आणि आपली यादी टॅगवरून वेगळी ठेवतो. टॅग कोरा असेल तर गाणे परत येताना अनामिक होऊन येते.

वऱ्हाडात मात्र आयपॉड फारसा पोचला नाही. इथे आले मेमरी कार्डवाले मोबाइल. २००५ नंतरच्या दहा वर्षांत अमरावतीच्या राजकमल चौकापासून तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. दुकानदाराच्या संगणकात कप्पे असत : जुनी, नवी, डीजे, लग्नाची, गजानन महाराज, भीमगीते. गिऱ्हाईक कप्पा सांगे, दुकानदार अख्खा कप्पा ओतून देई. कायद्याने हे बेकायदाच होते. पण शेतातल्या मजुरापासून ऑटोवाल्यापर्यंत साऱ्यांचा गाणेसंग्रह त्या दुकानांनी घडवला, हेही खरे. मी एकदा एका पोराला विचारले, की या कप्प्यात कवीचे नाव कुठेच कसे नाही? तो म्हणाला, “नाव कायले लागते काका? गानं वाजते नं!”

त्याच्या त्या कप्प्यात अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांचे तिफणीचे गाणे होते. ‘अरे संसार संसार’ या १९८१ च्या चित्रपटामुळे ते घरोघर पोचले. अकोल्याच्या कवीचे गाणे अकोल्यापासून दोन तासांवर विकले जात होते आणि विकणाऱ्याला कवीचे नाव ठाऊक नव्हते. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांच्या रचनांचीही माझ्या संग्रहात हीच अवस्था होती. फायलींवर गायिकेचे नाव होते, भटांचे एकीवरही नव्हते.

शेवटचे कडवे

आता त्या दोन हजार फायलींकडे येतो. एकेक ऐकत, वहीत नोंदी करत गेलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. काही गाणी ओळखायला मला कोणाचीच मदत लागत नव्हती. खंजिरी वाजते आहे, भजन शेवटच्या कडव्याकडे वळते आणि ‘तुकड्या’ हे नाव येते. झाली ओळख. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा माणिक, त्याला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलेले हे नाव. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेले भजन तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून फायलीत, फायलीतून फुटक्या डिस्कवर गेले. नोंदवही गेली, खोके गेले, टॅग गेला. नाव गेले नाही, कारण ते गाण्याच्या आत होते.

भीमगीतांचेही तसेच. वामनदादा कर्डकांच्या गीतात अखेरीस ‘वामन’ येतोच. पोराच्या कप्प्यातल्या, कवीची नोंद नसलेल्या गाण्यांपैकी वामनदादांची गाणी मी पहिल्याच ऐकण्यात वेगळी काढली. संतांचे अभंग, शाहिरांच्या लावण्या, सगळ्यांनी ही खूण जपली आहे. तिला आपण नाममुद्रा म्हणतो आणि अभ्यासक तिच्याकडे बहुधा भक्तीची किंवा अहंकाराची बाब म्हणून पाहतात. मला ती साठवणुकीची बाब वाटू लागली आहे. लिहिलेले हरवणार, सांगणारा मरणार, गाणे तेवढे तोंडोतोंडी पुढे जाणार, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी नाव वृत्तात गुंफले. गाळले तर ओळ मोडते. केम्पने चिठ्ठी फायलीच्या शेवटी लावली, आपल्या कवींनी ती गाण्याच्या शेवटी लावली होती. फरक एवढाच, की केम्पची चिठ्ठी सुटते. गंमत म्हणजे ‘तुकड्या’ एकवीस बाइटांत बसतो आणि ‘वामन’ बारा.

मुद्रा नसलेली गाणी

तीन वर्षांच्या शेवटी माझ्याकडे शंभरेक फायली उरल्या, ज्यांना काहीच नाव देता येईना. त्यांतली नऊ गाणी भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाई-भुलोजी मांडून रोज संध्याकाळी घरोघर ही गाणी म्हणतात. शेवटी झाकलेली खिरापत काय आहे, ते ओळखायचे असते. या गाण्यांना कवी नाही, म्हणून मुद्राही नाही. इथे नाव टिकवायचे ते गाणारीचे, गावाचे आणि सालाचे.

ही नऊ गाणी वडिलांनी मूर्तिजापूरच्या घरात टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतली होती. दोन बायका गातात. एक आवाज माझ्या आजीचा, हे आईने एका क्षणात सांगितले. दुसरा आवाज अधिक गोड आहे, आजी चुकते तिथे ती सावरून घेते. आईने तीनदा ऐकले. म्हणाली, “शेजारची कोनी असन. सासुरवाशीण होती बहुतेक.” कॅसेटच्या कार्डावर वडिलांनी ‘आई, भुलाबाई’ एवढेच लिहिले होते. त्या बाईचे नाव मी मूर्तिजापूरला दोनदा जाऊनही शोधू शकलो नाही. त्या गल्लीत आता ते शेजार उरलेले नाहीत.

त्यानंतर मी माझी रीत बदलली. प्रत्येक गाण्याच्या फायलीचे नाव मराठीत, ठरल्या क्रमाने : रचनाकार, गाणारे, गाव, साल. तीच माहिती टॅगमध्ये. तीच माहिती एका कागदी वहीत. दोन प्रती, एक अमरावतीला, एक अकोल्याला बहिणीच्या घरी. हे कोणीही करू शकतो आणि त्यात नवे काही नाही.

एक गोष्ट मात्र गौहरजानकडून घेतली. गेल्या काही वर्षांपासून कोजागिरीला मी गल्लीतल्या मुलींची गाणी मोबाइलवर भरून घेतो. गाणे संपले की मी हात वर करतो आणि प्रत्येकीने आपले नाव, आईचे नाव आणि गाव मोठ्याने सांगायचे, असा नेम आहे. मुली हसतात, एकमेकींना ढकलतात, एखादी आपल्या मांजराचेही नाव सांगते. मी ते कापून टाकत नाही. फायलीला उद्या काय नाव राहील ते माझ्या हाती नाही. आवाजातले नाव आवाजाबरोबर जाईल. नऊ गाण्यांच्या त्या कप्प्याला मी नाव दिले आहे : आजी, आणि मूर्तिजापूरच्या शेजारीण. दुसरा रकाना कोणी भरून दिला, तर मला हवा आहे.