असुरक्षित तात्पुरती फाइल

असुरक्षित तात्पुरती फाइल हा सॉफ्टवेअरमधील सुरक्षादोषाचा एक प्रकार आहे. एखादा प्रोग्रॅम कामापुरती फाइल तयार करताना तिचे नाव, स्थान किंवा परवानग्या पुरेशा काळजीने ठरवत नाही, तेव्हा त्याच संगणकावरील दुसऱ्या वापरकर्त्याला ती फाइल वाचता येते, बदलता येते किंवा तिच्यातील लेखन भलत्याच फाइलीकडे वळवता येते. सॉफ्टवेअर-दोषांच्या ‘सीडब्ल्यूई’ या वर्गीकरणात या दोषाचा क्रमांक ३७७ आहे.

पार्श्वभूमी

कंपायलर, मजकूर संपादक, पॅकेज स्थापित करणाऱ्या स्क्रिप्ट असे अनेक प्रोग्रॅम मधल्या टप्प्यातील माहिती तात्पुरत्या फायलींत ठेवतात. युनिक्स व लिनक्स प्रणालींत त्यासाठी ‘/टीएमपी’ ही सामायिक डिरेक्टरी असते. तिच्यात कोणत्याही वापरकर्त्याला फाइल तयार करता येते. तिच्या परवानग्या सामान्यतः १७७७ अशा असतात. यांतील पहिला अंक ‘स्टिकी बिट’ दर्शवतो. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला दुसऱ्याची फाइल पुसता किंवा तिचे नाव बदलता येत नाही. मात्र दुसरा प्रोग्रॅम पुढे जे नाव वापरणार आहे, त्या नावाची फाइल आधीच तयार करून ठेवण्यास स्टिकी बिट प्रतिबंध करत नाही. या दोषाचे मूळ येथेच आहे.

हल्ल्याचे स्वरूप

समजा, प्रशासकाची एक स्क्रिप्ट ‘/टीएमपी/अहवाल.४३२१’ या नावाने फाइल लिहिते आणि त्यातील ४३२१ हा प्रोसेसचा क्रमांक आहे. हे क्रमांक बहुधा चढत्या क्रमाने दिले जात असल्याने त्यांचा अंदाज बांधता येतो. हल्लेखोर संभाव्य नावांचे सांकेतिक दुवे, म्हणजे सिमलिंक, आधीच तयार करतो आणि ते प्रणालीच्या एखाद्या महत्त्वाच्या फाइलीकडे रोखतो. स्क्रिप्ट ‘रूट’ अधिकाराने चालली की लेखन दुव्यामागून त्या फाइलीत जाते आणि तिचा मूळ मजकूर नष्ट होतो. हल्लेखोराला स्वतःला त्या फाइलीला हात लावण्याचा अधिकार नसतो. तो प्रशासकाचा अधिकार वापरून घेतो.

फाइल अस्तित्वात आहे का, हे आधी तपासल्याने हा धोका टळत नाही. तपासणी आणि निर्मिती यांच्यामध्ये अल्पसा अवधी उरतो व तेवढ्यात दुवा तयार करता येतो. अशा स्थितीला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

दुव्याशिवायही हानी होऊ शकते. फाइल सर्वांना वाचता येईल अशा परवानग्यांसह तयार झाली, तर तिच्यातील पासवर्ड किंवा खासगी माहिती उघड होते. हल्लेखोराने आधीच तयार केलेली फाइल प्रोग्रॅमने तशीच वापरली, तर तिचा मालक हल्लेखोरच राहतो व मजकूर बदलू शकतो. ती फाइल पुढे आज्ञा म्हणून चालवली जात असल्यास त्याचा कोड प्रशासकाच्या अधिकाराने चालतो.

उदाहरणे

मॅट बिशप व मायकेल डिल्गर यांनी १९९६ मध्ये फाइल हाताळणीतील रेस कंडिशन शोधण्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००८ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणातील अनेक पॅकेजांच्या स्क्रिप्टमध्ये हा दोष आढळला व त्यांपैकी अनेकांना स्वतंत्र ‘सीव्हीई’ क्रमांक देण्यात आले. २०२० मध्ये जावा भाषेतील ‘जेयुनिट ४’ व ‘ग्वावा’ या लायब्ररींमध्ये तात्पुरत्या डिरेक्टरीतील माहिती इतर स्थानिक वापरकर्त्यांना दिसू शकेल, असे दोष नोंदवले गेले.

प्रतिबंध

नाव निवडणे व फाइल तयार करणे या दोन क्रियांमध्ये अवधी न ठेवणे, हा मुख्य उपाय आहे. फाइल किंवा दुवा आधीपासून असल्यास निर्मिती अयशस्वी व्हावी, अशी अट कर्नलला घालता येते. सी भाषेतील ‘एमकेएसटेम्प’ हे फंक्शन अनिश्चित नाव निवडून याच अटीने फाइल उघडते व बहुतेक आधुनिक प्रणालींत केवळ मालकाला लेखन-वाचनाची परवानगी देते. याउलट ‘टीएमपीनॅम’ व ‘एमकेटेम्प’ ही फंक्शने फक्त नाव परत करतात. पॉसिक्स मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत त्यांपैकी पहिले कालबाह्य ठरवले गेले व दुसरे वगळण्यात आले. शेल स्क्रिप्टमधील ‘एमकेटेम्प’ ही आज्ञा मात्र फाइल स्वतः तयार करते. म्हणून नामसाम्य असूनही ती सुरक्षित मानली जाते.

लिनक्स कर्नलच्या ३.६ या आवृत्तीत (२०१२) सामायिक डिरेक्टरीतील परक्या दुव्यांमागे न जाण्याची सोय आली. ‘सिस्टमडी’मध्ये प्रत्येक सेवेला स्वतंत्र ‘/टीएमपी’ देता येते.

मर्यादा

प्रणालीच्या पातळीवरील संरक्षणामुळे दोषाची तीव्रता कमी होते, परंतु दोष नाहीसा होत नाही. नाव ओळखता येण्याजोगे असेल, तर त्या नावाची फाइल आधीच तयार करून प्रोग्रॅम बंद पाडता येतो. शिवाय तोच प्रोग्रॅम हे संरक्षण नसलेल्या प्रणालीवरही वापरला जाऊ शकतो. त्यामुळे मूळ कोड दुरुस्त करणे आवश्यक ठरते.