सी. पी. बेरारची पेटी

वऱ्हाड १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पण चित्रपटाच्या धंद्यात तो आजही ‘सी. पी. बेरार’मध्येच आहे. हिंदी चित्रपटाचे हक्क प्रदेशवार विकले जातात आणि त्यांतल्या एका प्रदेशाचे हे नाव. इंग्रजांनी १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला होता. पुढे राज्ये बदलली, तरी अमरावती, अकोला, नागपूर, रायपूर आणि जबलपूर वितरकाच्या वहीत एकाच पानावर राहिली.

या धंद्याने रेल्वेचा हात धरला होता. मुंबईहून आलेल्या मार्गाला भुसावळला दोन वाटा फुटतात: एक खंडव्यावरून इटारसीकडे, दुसरी अकोला, बडनेरा करत नागपूरला. भुसावळ आणि अमरावती ही वितरकांची गावे झाली, आणि सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्यालयही भुसावळलाच आहे.

हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटे चाले, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला चौदा रिळे. पत्र्याच्या डब्यांतली ही रिळे पेटीत भरून पाठवली जात. पेटी वेळेवर पोचली नाही, तर खेळ रद्द. मिनिमम गॅरंटी, भाडे की टक्केवारी हे आधीच ठरलेले असे, आणि वितरकाचा प्रतिनिधी थिएटरात बसून तिकिटांचा हिशेब तपासे. प्रिंट मोजक्याच निघत. मोठ्या शहरांत खेळून ओरखडलेली प्रत मग तालुक्याला येई. तिथल्या प्रेक्षकाने चित्रपट पाहिला तो बहुधा पडद्यावरच्या पावसासकट.

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर पसरले, तशी पेटीची पकड ढिली झाली. चोरट्या कॅसेटींचा उपद्रव इतका वाढला की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

जपानमध्ये मात्र याच कॅसेटने कलावंतांना मोकळे केले. तिथल्या टीव्हीवरच्या यंत्रमानवांच्या ॲनिमेशन मालिका बहुतांशी खेळणी कंपन्यांच्या पैशावर चालत, त्यामुळे कथेपेक्षा खेळण्याचा खप मोठा ठरे. डिसेंबर १९८३ मध्ये स्टुडिओ पिएरोची ‘डॅलोस’ टीव्ही आणि थिएटर दोन्ही टाळून थेट कॅसेटवर आली. मामोरु ओशी तिच्या दिग्दर्शकांपैकी एक. विषय चंद्रावरच्या वसाहतीचा पृथ्वीविरुद्धचा उठाव. १९८८ मध्ये अशीच थेट कॅसेटवर सुरू झालेल्या ‘गनबस्टर’चा सहावा आणि शेवटचा भाग दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी जवळजवळ पूर्ण कृष्णधवल ठेवला. खेळण्यांच्या जाहिरातीला बांधलेल्या मालिकेत एवढे धाडस अवघडच होते.

महाराष्ट्रात थेट व्हिडिओची ही वाट मालेगावने स्वतःच्या हिमतीवर काढली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ व्हिडिओवर काढला. सायकल ही ट्रॉली, बैलगाडी ही क्रेन. पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांना त्यांनी हिरव्या पडद्यासमोर सुपरमॅन म्हणून उडवले. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात ही सगळी खटपट दिसते. रीळ नाही, प्रिंट नाही, प्रदेशाचे हक्क नाहीत. तरी हे सिनेमे गावाने डोक्यावर घेतले.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्रपट उपग्रहावरून थिएटरात उतरू लागला आणि हळूहळू पेट्यांची ये-जा थांबली. अकोल्यात आता नवा चित्रपट मुंबईच्याच शुक्रवारी लागतो.